विद्वत्सभेची पंक्ती आणि मेघनाद साहा

देशातील विज्ञान-अकादम्या आपल्या नव्या फेलोंची नावे दरवर्षी जाहीर करतात. वृत्तपत्रांत त्या नावांना चार ओळींची जागा मिळते, निवड झालेल्या संशोधकाचा त्याच्या विद्यापीठात सत्कार होतो, आणि विषय तेथेच संपतो. ही निवड कोण करतो, कशासाठी करतो, आणि निवडलेल्या माणसाकडून समाजाने कोणती अपेक्षा बाळगावी, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. पदवी, पदक आणि फेलोशिप हे एकाच माळेचे मणी मानण्याची सवय आपणांस जडली आहे. वस्तुतः अकादमी ही एक कामकरी संस्था आहे. समव्यवसायी विद्वानांनी परस्परांचे संशोधन पारखावे, ते प्रसिद्ध करावे, आणि ज्या सार्वजनिक प्रश्नांवर शास्त्राचा प्रकाश पडू शकतो त्यांबाबत राज्यकर्त्यांना निर्भीड सल्ला द्यावा, हा तिचा मूळ हेतू. आपल्या देशात हा हेतू प्रथम एका प्रांताच्या पातळीवर रुजविणारा पुरुष म्हणजे डॉ. मेघनाद साहा. ज्याला विद्यार्थिदशेत जेवणाच्या पंक्तीला बसण्यापासून अडविले गेले, त्यानेच पुढे केवळ कामाच्या बळावर जागा मिळणारी विद्वानांची पंक्ती मांडली. अकादमीच्या सन्मानाचे खरे मोल कशात आहे, हे या चरित्रावरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही घटनापत्रकावरून होणार नाही.

पाच रुपयांचा आधार

साहांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाका जिल्ह्यातील शेवडातली या खेड्यात झाला. वडील जगन्नाथ यांचे किरकोळ दुकान होते आणि घरात आठ मुले होती. मुलाने अक्षरओळख करून घ्यावी आणि दुकानात बसावे, यापलीकडे वडिलांची अपेक्षा नव्हती. गावात प्राथमिक शाळेपुढे शिक्षणाची सोय नव्हती. काही मैलांवरील सिमुलिया येथे इंग्रजी शाळा होती. परंतु तेथे राहण्याचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. अनंतकुमार दास या स्थानिक डॉक्टरांनी मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले. अट एवढीच होती की, त्याने घरच्या गाईची निगा राखावी आणि आपली ताटवाटी आपण घासावी. दुसरी अट जातीमुळे आलेली होती. साहांची जात व्यापार करणारी असली तरी तत्कालीन बंगाली समाजात ती खालची गणली जाई. आश्रय देणाऱ्या माणसाची सहृदयता आणि समाजाची रूढी ही दोन्ही एकाच घरात नांदत होती, आणि त्या मुलाने ती दोन्ही पाहिली.

१९०५ साली शिष्यवृत्ती मिळवून तो ढाक्याच्या कॉलेजिएट स्कूलमध्ये दाखल झाला. तागाच्या गिरणीत काम करणारा थोरला भाऊ आपल्या तुटपुंज्या पगारातून दरमहा पाच रुपये पाठवी. पूर्व बंगालच्या वैश्य समितीकडून दोन रुपये मिळत. तेच वर्ष वंगभंगाचे होते. नव्या प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर बॅम्फिल्ड फुलर यांच्या शाळाभेटीवर बहिष्कार घालणाऱ्या विद्यार्थ्यांत मेघनादही होता. त्याची शिष्यवृत्ती गेली आणि शाळाही सुटली. किशोरीलाल ज्युबिली स्कूलने त्याला आसरा दिला. १९०९ च्या प्रवेश परीक्षेत त्याने साऱ्या पूर्व बंगालमध्ये पहिला क्रमांक मिळविला.

१९११ साली साहा कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय तेथे शिकवीत होते. वर्गात सत्येंद्रनाथ बोस हे सहाध्यायी होते, तर प्रशांतचंद्र महालनोबीस वरच्या वर्गात होते. एका महाविद्यालयाच्या भिंतींआड इतकी प्रज्ञा एकाच वेळी क्वचितच एकत्र आली असेल. मात्र जेथे राहायचे त्या ईडन हिंदू वसतिगृहात काही सनातनी विद्यार्थ्यांनी साहांच्या समवेत एका भोजनगृहात जेवण्यास हरकत घेतली. सरस्वतीपूजेच्या वेळीही त्यांना दूर ठेवले गेले. बी. एस्सी. आणि एम. एस्सी. या दोन्ही परीक्षांत बोस पहिले आणि साहा दुसरे आले. गणितातील गुणांना जात नसते, ही गोष्ट परीक्षेच्या निकालाने सिद्ध झाली; पण तोच न्याय भोजनगृहात लागू झाला नाही. या अनुभवाचा कडवटपणा साहांच्या स्वभावात कायमचा उतरला, आणि जन्मसिद्ध श्रेष्ठत्वावर उभ्या असलेल्या प्रत्येक व्यवस्थेविषयी त्यांना आयुष्यभर तिटकारा राहिला.

ताऱ्यांच्या प्रकाशाची उकल

वित्त खात्याची परीक्षा देऊन सुखाची नोकरी पत्करण्याचा त्यांचा विचार होता. क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून सरकारने परवानगी नाकारली, आणि भारतीय विज्ञानाचा लाभ झाला. आशुतोष मुखर्जी यांनी उभारलेल्या कलकत्ता विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात १९१६ साली साहा आणि बोस अध्यापक झाले. प्रयोगशाळा जवळजवळ रिकामी होती आणि महायुद्धामुळे परदेशी नियतकालिके वेळेवर पोहोचत नसत. दोघेही जर्मन शिकलेले असल्याने त्यांनी आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरील निबंधांचे इंग्रजी भाषांतर केले. महालनोबीसांच्या प्रस्तावनेसह कलकत्ता विद्यापीठाने ते १९२० साली प्रसिद्ध केले.

याच काळातील एक प्रसंग पुढच्या कथेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९१७ साली साहांनी प्रकाशाच्या निवडक दाबाविषयी एक दीर्घ निबंध लिहून अमेरिकेतील अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नलकडे पाठविला. छपाईच्या खर्चाचा वाटा लेखकाने उचलल्यास तो छापता येईल, असे उत्तर आले. खर्चाचा आकडा तीन अंकी डॉलरांत होता. म्हातारे आईवडील आणि धाकटा भाऊ यांचा भार वाहणाऱ्या तरुण अध्यापकास तो अशक्य होता. शेवटी त्या नियतकालिकात केवळ एक संक्षिप्त टिपण प्रसिद्ध झाले. शोध लागणे ही एक गोष्ट आणि तो जगापुढे येणे ही दुसरी. ज्याच्या देशात संशोधन पारखून छापणारी विद्वत्संस्था नाही, त्याला परक्याच्या दारात उभे राहावे लागते, हा धडा साहा विसरले नाहीत.

१९२० साली फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये त्यांचा सूर्याच्या वर्णावरणातील आयनीभवनावरील निबंध प्रसिद्ध झाला आणि खगोलभौतिकीत नवे पर्व सुरू झाले. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पाहिला असता वर्णपटात अनेक रेषा दिसतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, हे पूर्वीच ज्ञात होते. पण काही ताऱ्यांत काही द्रव्यांच्या रेषा ठळक का आणि काहींत त्या मुळीच का नाहीत, याचा उलगडा होत नव्हता. सूर्याच्या वातावरणात पुष्कळ उंचीवर कॅल्शियमच्या ज्या रेषा दिसतात, त्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूच्या असतात. खालच्या अधिक तप्त थरात मात्र अखंड अणूच्याही रेषा आढळतात. साहांनी दाखविले की, अणूतून इलेक्ट्रॉन सुटणे ही क्रिया रासायनिक विघटनासारखीच आहे. उष्णतेने ती वाढते, आणि दाब जितका कमी तितकी ती सुलभ होते. उंचावर दाब अत्यल्प असल्याने तेथे इलेक्ट्रॉन सुटलेले अणू अधिक. तापमान आणि दाब दिल्यास किती अणू आयनीभूत होतील, हे सांगणारे त्यांचे समीकरण आज साहा समीकरण म्हणून जगभर शिकविले जाते. हार्वर्ड वेधशाळेत ताऱ्यांचे जे वर्ग पाडले गेले होते, ते मुख्यतः तापमानाचे वर्ग आहेत, हे या समीकरणाने उघड झाले. १९२५ साली सेसिलिया पेन यांनी त्याचाच आधार घेऊन ताऱ्यांत हायड्रोजनचे प्रमाण प्रचंड असल्याचा निष्कर्ष काढला. प्रयोगाचे एकही मोठे उपकरण हाताशी नसलेल्या सत्तावीस वर्षांच्या अध्यापकाने केवळ बुद्धीच्या बळावर ताऱ्यांचा उष्णतामापक जगाच्या हाती दिला.

प्रांतात मांडलेली पंक्ती

लंडनमध्ये फाउलर आणि बर्लिनमध्ये नर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळांत काम करून साहा १९२१ साली परतले. कलकत्त्यात संशोधनास पैसा मिळेना. म्हणून १९२३ साली त्यांनी अलाहाबाद विद्यापीठातील प्राध्यापकपद स्वीकारले आणि पुढील पंधरा वर्षे तेथे काढली. तेथेही मुख्य भार अध्यापनाचाच होता आणि प्रयोगशाळा जवळजवळ पायापासून उभी करायची होती. या काळात त्यांनी बी. एन. श्रीवास्तव यांच्यासमवेत उष्णताशास्त्रावर लिहिलेला ग्रंथ पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासला. पुढे ज्यांच्या नावाने शिक्षण आयोग ओळखला गेला ते दौलतसिंग कोठारी अलाहाबादचे आणि साहांचेच विद्यार्थी. १९२७ साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी साहा लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यानंतर प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांनी त्यांच्या संशोधनासाठी वार्षिक पाच हजार रुपयांचे अनुदान मंजूर केले. सातासमुद्रापलीकडील विद्वत्सभेने मान दिल्यावरच घरच्या सरकारची थैली सुटली, यात सन्मानाचे सामर्थ्य जसे दिसते तसे आपले परावलंबनही दिसते.

हे परावलंबन दूर करण्याचा उपाय साहांनी अलाहाबादेतच शोधला. १९३० साली संयुक्त प्रांताची विज्ञान-अकादमी स्थापन झाली आणि साहा तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९३२ साली गव्हर्नर सर माल्कम हेली यांच्या हस्ते तिचे रीतसर उद्‌घाटन झाले. भोवतालच्या विद्यापीठांत वेगवेगळ्या शास्त्रांत काम करणारी माणसे एकमेकांपासून तुटलेली होती. त्यांना ठरावीक दिवशी एकत्र आणावे, निबंध वाचावेत, त्यांवर निःसंकोच चर्चा व्हावी आणि जे टिकेल ते अकादमीच्या स्वतःच्या पत्रिकेत छापावे, अशी ही योजना होती. अकादमीची पत्रिका लगेचच सुरू झाली. ज्या अध्यापकाला एकेकाळी छपाईचे डॉलर नसल्याने गप्प बसावे लागले होते, त्याने आपल्या प्रांतातील तरुण संशोधकांवर ती पाळी येऊ नये अशी तजवीज केली. पुढे या अकादमीचे अध्यक्षपद रसायनज्ञ नीलरत्न धर आणि लखनौचे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांच्यासारख्यांनी भूषविले.

प्रांतिक म्हटले की दुय्यम, असा एक समज रूढ आहे. अलाहाबादच्या अकादमीचे महत्त्व ती प्रांतिक होती यातच होते. राजधानीतील संस्था नामवंतांचा सन्मान करते; प्रांतातील संस्था नाव होण्यापूर्वीच्या माणसाला वाचक आणि टीकाकार मिळवून देते. एखाद्या महाविद्यालयात एकट्याने काम करणाऱ्या अध्यापकास कौतुकापेक्षाही परीक्षक हवा असतो. तो परीक्षक रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर उपलब्ध करून देणे, ही साहांच्या संस्थेची खरी कामगिरी होय.

मुंबईचा प्रस्ताव आणि तीन अकादम्या

जानेवारी १९३४ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन मुंबईत भरले. अध्यक्षस्थानी साहा होते. अलाहाबादचा अनुभव गाठीशी असल्याने त्यांनी तेथे अखिल भारतीय विज्ञान-अकादमीची कल्पना मांडली आणि तिचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली गेली. येथून पुढे जे घडले ते भारतीय विज्ञानाच्या इतिहासातील एक कटू प्रकरण आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे समितीशी पटले नाही. ते बाहेर पडले आणि त्याच वर्षी त्यांनी बंगलोरला इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस स्थापन केली. जानेवारी १९३५ मध्ये कलकत्त्यास नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया ही संस्था निघाली. भूशास्त्रज्ञ एल. एल. फर्मर तिचे पहिले अध्यक्ष आणि साहा दुसरे. संयुक्त प्रांताच्या अकादमीनेही पुढे राष्ट्रीय हे विशेषण धारण केले. एक शिखर संस्था हवी म्हणून निघालेल्या देशात तीन शिखरे उभी राहिली.

या दुहीचा दोष एकाच्या माथी मारता येणार नाही. रामन मानी होते आणि साहाही तितकेच हट्टी होते. साहांची जीभ तिखट होती. मतभेद पोटात ठेवणे त्यांना जमत नसे, आणि विरोधकाच्या हेतूविषयी ते चटकन संशय घेत. ज्याला तरुणपणी वारंवार दारे बंद झालेली दिसली, त्याला प्रत्येक वादात बंद दारच दिसावे, हे मानवी असले तरी सार्वजनिक कार्यास पोषक नव्हते. तरीही एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. हा वाद मानासाठी होता त्याहून अधिक, संस्था कोणाच्या हाती असावी आणि तिने काय करावे याविषयी होता. अकादमीने देशाच्या कारभाराकडे पाठ फिरवू नये, असे साहांचे ठाम मत होते.

गणिताकडून नदीकडे

हे मत त्यांनी कृतीने पाळले. १९१३ च्या दामोदर पुरात विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून आणि १९२२ च्या उत्तर बंगालच्या महापुरात प्रफुल्लचंद्र रायांच्या मदत समितीत त्यांनी काम केले होते. पूर ही दैवी आपत्ती मानून दान गोळा करण्यापेक्षा नदीचा शास्त्रीय अभ्यास करणारी प्रयोगशाळा उभारावी, असे ते वर्षानुवर्षे मांडीत राहिले. १९३५ पासून सायन्स अँड कल्चर या मासिकातून त्यांनी या विषयांवर सतत लिहिले. १९४३ च्या पुरानंतर त्यांच्या लेखनाने दामोदर खोऱ्याच्या योजनेस चालना मिळाली आणि १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना राष्ट्रीय नियोजन समिती नेमली जावी आणि जवाहरलाल नेहरूंनी तिचे नेतृत्व करावे, यासाठी साहांनी आग्रहाने प्रयत्न केले.

त्याच वर्षी ते कलकत्त्यास परतले. तेथे त्यांनी अणुकेंद्रीय भौतिकीची जी संस्था उभारली, तिचे उद्‌घाटन १९५० साली इरेन जोलिओ-क्युरी यांच्या हस्ते झाले. ती आज त्यांचे नाव धारण करते. अणुशक्तीचे संशोधन विद्यापीठांपासून तोडून सरकारी आयोगाच्या कक्षेत गुप्तपणे चालविण्यास त्यांचा विरोध होता. या प्रश्नावर होमी भाभा आणि नेहरू यांच्याशी त्यांचे मतभेद झाले. धोरण भाभांच्या बाजूने ठरले; तथापि विद्यापीठांतून संशोधन निघून गेल्यास विद्यापीठे ओस पडतील, हा साहांचा इशारा आज अनाठायी वाटत नाही. १९५२ साली कलकत्त्यातून अपक्ष म्हणून निवडून येऊन ते पहिल्या लोकसभेत बसले आणि निर्वासितांचे पुनर्वसन, शिक्षण, नद्या आणि अणुशक्ती या विषयांवर सरकारला धारेवर धरीत राहिले.

याच काळात पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. देशात तेव्हा सुमारे तीस पंचांगे प्रचारात होती आणि ऋतुमान व पंचांग यांत तेवीस दिवसांचे अंतर पडले होते. टिळक पंचांगाच्या निमित्ताने शुद्ध गणिताचा वाद अनुभवलेल्या महाराष्ट्रास हा विषय परका नव्हता. नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी आणि केसरीचे माजी संपादक ज. स. करंदीकर हे समितीचे सदस्य होते. १९५५ साली अहवाल सादर झाला. वसंतसंपातानंतरच्या दिवशी, २२ मार्चला, चैत्र सुरू करणारी शक कालगणना २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका म्हणून स्वीकारली गेली. तो दिवस पाहण्यास साहा हयात नव्हते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जात असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे बासष्ट होते. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचविले गेले होते. ते मिळाले नाही.

सन्मानाची कसोटी

प्रयागराज, बेंगळुरू आणि नवी दिल्ली येथील तीनही अकादम्या आजही कार्यरत आहेत. कलकत्त्याच्या संस्थेने १९७० साली इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी हे नाव घेतले. तिन्हींच्या फेलोशिपला प्रतिष्ठा आहे आणि ती कष्टाने मिळते. परंतु साहांच्या आयुष्याची फुटपट्टी लावल्यास काही प्रश्न अटळ ठरतात. या पंक्तींत महिला शास्त्रज्ञांची संख्या अजूनही थोडी आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी अध्यापनाचा भार सांभाळून संशोधन करणाऱ्या प्राध्यापकापर्यंत अकादमीची नजर पोहोचते काय? पूर, दुष्काळ, पाणी, आरोग्य यांवर निर्णय होत असताना तिचा आवाज वेळेवर आणि स्पष्टपणे ऐकू येतो काय? निवड झालेला फेलो आपल्या शेजारच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याचा निबंध वाचण्यास वेळ काढतो काय?

साहांना रॉयल सोसायटीची अक्षरे नावापुढे लावून स्वस्थ बसता आले असते. त्यांनी तो मान भांडवलासारखा वापरला. त्यातून प्रयोगशाळा, पत्रिका, मासिक, संस्था आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विद्यार्थी उभे केले. ज्याची ताटवाटी वेगळी ठेवली गेली त्याने सूड म्हणून दुसरी बंद पंक्ती मांडली नाही, ही त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट आहे. यापुढे एखाद्या शास्त्रज्ञाच्या अकादमीवरील निवडीचे वृत्त वाचताना त्याचे अभिनंदन अवश्य करावे. आणि त्या निवडीमुळे मागच्या रांगेतील कोणाला पुढे येण्यास वाट मिळाली, हेही विचारावे.